गाडीचा करंट नेमका कुठे अडतो?

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले गेले, की ते पेटवायला ठिणगी लागते. ही ठिणगी तयार करून ठरल्या क्षणी ठरल्या सिलिंडरपर्यंत पोचवणारी यंत्रणा म्हणजे इग्निशन. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर या यंत्रणेला सेकंदाला १०० ठिणग्या पुरवाव्या लागतात. त्यांतल्या काही हुकल्या की गाडी झटके देते, पिकअप जातो, पेट्रोल जास्त लागते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करू लागते. सगळ्याच हुकल्या तर सेल्फ फिरत राहतो, पण इंजिन सुरू होत नाही. मग मेकॅनिकचा निदान-शब्द ठरलेला असतो: ‘करंट येत नाही.’

हा करंट न येण्याला कॉइल, प्लग, प्लगची तार, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल किंवा सेन्सर यांपैकी कोणताही भाग कारण असू शकतो. वेगवेगळ्या भागांची लक्षणे बऱ्याचदा सारखीच दिसतात. त्यामुळे नुसत्या लक्षणावरून भाग बदलत गेले, की आधी प्लग, मग तारा, मग कॉइल असा खर्च वाढत जातो आणि खरा दोष जिथल्या तिथे राहतो. इग्निशनचे निदान म्हणजे बॅटरीपासून प्लगपर्यंतच्या वाटेवर करंट कुठपर्यंत येतो आणि कुठून पुढे जात नाही, हे चाचणीने ठरवणे. नवा भाग आणायची वेळ त्यानंतर येते.

पट्ट्यातल्या जुन्या गाड्या

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात वाहनउद्योग मोठा असला, तरी इथल्या सुरुवातीच्या बऱ्याच चारचाकींना इग्निशन नव्हतेच. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि आकुर्डीची बजाज टेम्पो यांचा भर डिझेल वाहनांवर होता. डिझेल इंजिनात दाबामुळे तापलेल्या हवेतच इंधन पेटते, ठिणगी लागत नाही. घरोघरच्या लोकांना प्लग साफ करण्याची सवय लागली ती बजाजच्या स्कूटरींमुळे. किक मारून स्कूटर सुरू झाली नाही की प्लग काढायचा, काजळी घासायची आणि पुन्हा बसवायचा, हा कामावर जाणाऱ्यांचा सकाळचा उद्योग होता.

पेट्रोल कारच्या बाबतीत या भागातल्या गॅरेजांत इग्निशनच्या दोन पिढ्या येतात. पहिली डिस्ट्रिब्युटरची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आलेली मारुती ८०० यांची कार्ब्युरेटरची मॉडेले या पिढीतली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या, पण हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी अजून दिसतात. दुसरी पिढी संगणक-नियंत्रित इग्निशनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाड्यांची. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे पोलोचे उत्पादन सुरू झाले. तीन सिलिंडरचे १.२ लिटर पेट्रोल इंजिन असलेल्या पहिल्या पोलो आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे चाकणमध्ये जन्मलेली गाडीही आता कायद्याच्या हिशेबाने जुनी झाली आहे.

बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट

दोन्ही पिढ्यांत मूळ तत्त्व एकच आहे. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळे जाड तारेचे आणि काही शे फेऱ्यांचे. दुय्यम वेटोळे केसासारख्या बारीक तारेचे आणि हजारो फेऱ्यांचे. प्राथमिक वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहतो तेव्हा गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते. प्रवाह अचानक तोडला की हे क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात २० हजार व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब निर्माण होतो. हा दाब प्लगच्या टोकाशी असलेली फट ओलांडतो, तीच ठिणगी. म्हणजे ठिणगी पडते ती प्रवाह सुरू होताना नव्हे, तुटताना. निदान करताना ही गोष्ट पदोपदी उपयोगी पडते.

बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही रचना अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग याने विकसित केली आणि १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक गाड्यांत आली. त्याआधी १९०२ मध्ये जर्मनीत बॉशच्या कार्यशाळेत गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबत स्पार्क प्लग तयार केला होता. केटरिंगच्या रचनेत प्रवाह तोडण्याचे काम पॉइंट करतात. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरचा कॅम फिरताना पॉइंट उघडतो, कॉइलमधला प्रवाह तुटतो, आणि तयार झालेला उच्च दाब जाड तारेने कॅपच्या मध्यभागी येतो. तिथून फिरता रोटर तो एकेका प्लगच्या तारेला वाटतो. पॉइंट उघडताना त्यावरच ठिणगी उडून ते जळू नयेत आणि प्रवाह चटकन तुटावा, यासाठी शेजारी कंडेन्सर असतो. नंतरच्या काळात पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आले. संगणक आल्यावर डिस्ट्रिब्युटरही गेला आणि इंजिनाचा दांडा नेमका कुठे आहे हे क्रँक सेन्सरकडून जाणून घेऊन संगणकच प्रत्येक कॉइलला वेळ सांगू लागला.

दोष कधी दिसतो?

गाडी कधी बिघडते, हे विचारणे ही निदानाची पहिली पायरी. गाडी थंड असताना ठीक चालते, अर्धा-पाऊण तास चालल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर संशय कॉइल किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवर जातो. वेटोळ्याची तार उष्णतेने प्रसरण पावते आणि आतला सांधा सुटतो, किंवा तारेवरचे इन्सुलेशन दाब सोडू लागते. पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या तळेगाव चौकात उन्हाळ्याच्या दुपारी गाडी कोंडीत अडकली, की बॉनेटखालचे तापमान वाढते आणि असा दोष तिथेच उघडा पडतो. मात्र जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत अशा वेळी नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊनही इंजिन बंद पडते. लक्षण तेच, कारण वेगळे. म्हणून गाडी बंद पडताक्षणी, ती थंड होण्याआधीच, ठिणगी आहे की नाही हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

पावसाळ्यात सकाळी सुरू न होणारी किंवा पाण्यातून गेल्यावर मिसिंग करणारी गाडी बहुधा तारा, कॅप किंवा कॉइलच्या रबरी बुटामुळे आजारी असते. तडा गेलेल्या भागावर ओल धरली की उच्च दाबाला इंजिनाच्या धातूकडे जाणारी सोपी वाट मिळते आणि प्लगपर्यंत तो पोचतच नाही. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले, तर अशी गळती निळसर चमकेच्या रूपात डोळ्यांना दिसते.

तिसरे लक्षण भाराचे. जागेवर इंजिन छान चालते, पण खंडाळ्याच्या घाटात वरच्या गिअरमध्ये दाबले की झटके देते. सिलिंडरमधला दाब वाढला की फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. दुबळी कॉइल किंवा झिजलेला प्लग तेवढा दाब देऊ वा वापरू शकत नाही. सीएनजीच्या गाड्यांत हा दोष आणखी लवकर कळतो. पिंपरी-चिंचवडमध्ये जुन्या पेट्रोल गाड्यांना सीएनजी किट बसवण्याची पद्धत सर्रास आहे. सीएनजी आणि हवेचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्ट लागतात. म्हणून पेट्रोलवर व्यवस्थित धावणारी गाडी गॅसवर टाकताच मिसिंग करत असेल, तर गॅस किटचे ट्यूनिंग करत बसण्याआधी प्लग आणि कॉइल तपासावेत.

डिस्ट्रिब्युटरच्या गाडीची तपासणी

तपासणीआधी एक सावधगिरी. इग्निशनचा उच्च दाब जोरदार झटका देतो, आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत तो पॉइंटच्या यंत्रणेपेक्षाही तीव्र असतो. इंजिन चालू असताना तारा उघड्या हाताने धरू नयेत. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने हे काम करूच नये. पेट्रोल गळत असेल किंवा वास येत असेल तर ठिणगीची चाचणी घेऊ नये.

सुरुवात बॅटरीपासून. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब फार खाली गेला, तर कॉइलला पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि ठिणगी दुबळी पडते. टर्मिनलवरचा पांढरा थर आणि इंजिनापासून चॅसिसपर्यंतची अर्थची तार पाहून घ्यावी. गंजलेल्या अर्थमुळे चांगली कॉइल खराब ठरवली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

मग ठिणगी. प्लगची तार काढून तिला स्पार्क टेस्टर लावावा, त्याचे दुसरे टोक इंजिनाला जोडावे आणि सेल्फ मारावा. कडकडीत आवाजाची निळसर पांढरी ठिणगी दिसली तर त्या तारेपर्यंतचा मार्ग ठीक आहे. पिवळट, बारीक ठिणगी दुबळेपणाची खूण. टेस्टर न लावता तार नुसती मोकळी सोडून सेल्फ मारणे टाळावे. जायला वाट न मिळालेला दाब कॉइल किंवा मॉड्यूल आतून जाळू शकतो.

एकाच तारेवर ठिणगी नसेल, तर दोष ती तार किंवा कॅपमधला तिचा खांब यांत असतो. एकाही तारेवर नसेल, तर कॉइलपासून कॅपकडे येणारी मुख्य तार तपासावी. मुख्य तारेवर ठिणगी आहे पण प्लगच्या तारांवर नाही, म्हणजे करंट कॅप किंवा रोटरमध्ये अडला. कॅप उघडून आत उजेड टाकला की तडे आणि पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा दिसतात. या रेघा म्हणजे उच्च दाबाने तयार केलेली कार्बनची वाट. ती पुसून फार काळ भागत नाही, कॅप बदलावी लागते. कॅपच्या मध्यभागी स्प्रिंगवर बसणारा कार्बन झिजला आहे का, आणि रोटरच्या प्लास्टिकला छिद्र पडून दाब थेट दांड्यात उतरतो आहे का, हेही पाहावे.

मुख्य तारेवरच ठिणगी नसेल, तर कॉइलच्या बॅटरीकडच्या बाजूकडे वळावे. इथे बारा व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प पुरतो. इग्निशन चालू करून लॅम्पचे एक टोक अर्थला आणि दुसरे कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला लावावे. दिवा लागला नाही तर चावीचा स्विच, फ्यूज किंवा वायरिंग यांत दोष आहे. लागला तर दुसरे टोक निगेटिव्ह टर्मिनलवर, म्हणजे पॉइंटकडे जाणाऱ्या तारेच्या बाजूला, लावून सेल्फ मारावा. दिवा उघडझाप करू लागला तर पॉइंट आपले काम करत आहेत. तो सलग जळत राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा डिस्ट्रिब्युटर फिरतच नाही. अजिबात लागला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट झाला आहे किंवा कॉइलचे प्राथमिक वेटोळे तुटले आहे. एका दिव्याच्या या चाचणीने निम्मी यंत्रणा तपासून होते.

पॉइंट जळून त्यांवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा आला असेल, तर नुसते घासून बसवण्यापेक्षा कंडेन्सरसकट बदलणे शहाणपणाचे. कंडेन्सर खराब असेल तर नवे पॉइंटही थोड्याच दिवसांत जळतात. फट फिलर गेजने मोजून बसवावी. पद्मिनीसारख्या गाड्यांत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. फट बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून पॉइंटनंतर टायमिंग पुन्हा जुळवणे ओघानेच आले. प्लगच्या तारा काढल्या असतील तर त्या क्रमानेच बसवाव्यात. पद्मिनीचा फायरिंग क्रम १-३-४-२, तर मारुती ८०० चा १-३-२. दोन तारांची अदलाबदल झाली की सगळे भाग धडधाकट असूनही इंजिन धड चालत नाही.

दिवा उघडझाप करतो, तरीही मुख्य तारेवर ठिणगी नाही, म्हणजे कॉइल किंवा ती तार दोषी. मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजता येतो. पॉइंटच्या जुन्या यंत्रणेत प्राथमिक वेटोळ्याचा रोध साधारण दीड ते साडेतीन ओहम आणि दुय्यमचा काही हजार ओहम भरतो. मीटरवर अनंत रोध आला तर वेटोळे तुटले आहे, हे नक्की. मात्र आकडा बरोबर आला म्हणून कॉइल चांगली ठरत नाही. मीटर अवघ्या काही व्होल्टवर मोजतो. हजारो व्होल्टवर आणि तापल्यावर इन्सुलेशन फुटते की नाही, हे तो सांगू शकत नाही. त्यामुळे संशयित कॉइल गरम असतानाच मोजावी आणि शेवटचा निर्णय चांगल्या चालत्या कॉइलशी तुलना करून घ्यावा.

स्वतंत्र कॉइलच्या गाड्या

पोलोसारख्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नाही, लांब तारा नाहीत. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर पेन्सिलसारखी निमुळती कॉइल थेट बसते. एक कॉइल गेली की तीन सिलिंडरपैकी एक बंद पडतो. तीनच सिलिंडर असल्याने इंजिन एकदम थरथरते आणि डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लागतो किंवा लुकलुकतो. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळालेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला तापवत असल्याचा इशारा. अशा वेळी गाडी पुढे दामटू नये. कॉइलच्या कित्येक पट महाग असलेला कन्व्हर्टर त्यात वितळू शकतो.

अशा गाडीची चौकशी स्कॅनरने सुरू होते. भारत स्टेज ४ चे प्रदूषणाचे निकष एप्रिल २०१० पासून ज्या १३ शहरांत लागू झाले, त्यांत पुणे आणि सोलापूरही होते. त्याबरोबर गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची व्यवस्था आली, आणि एप्रिल २०१३ पासून तिचा दुसरा, अधिक कडक टप्पा लागू झाला. दांड्याच्या गतीत प्रत्येक सिलिंडरमागे येणारा बारीक चढउतार मोजून संगणक मिसिंग ओळखतो. पी ०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरचे मिसिंग सांगतो, पी ०३०२ दुसऱ्याचे. पी ०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त सिलिंडरचे. पी ०३५१ पासूनचे कोड मात्र कॉइलच्या विद्युत जोडणीतला दोष दाखवतात.

पी ०३०१ दिसला म्हणून पहिली कॉइल खराब, असे ठरत नाही. कोड मिसिंगचा सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. कारण शोधायची पद्धत अदलाबदलीची. इग्निशन बंद करून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची जागा बदलावी, कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. कोड पी ०३०२ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला आणि कॉइल दोषी ठरली. कोड पी ०३०१ च राहिला तर हीच अदलाबदल प्लगची करावी. प्लग बदलूनही कोड जागचा हलला नाही, तर इंजेक्टर, वायरिंगचा सॉकेट किंवा त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन पाहावे लागते. या चाचणीला एक पैशाचाही नवा भाग लागत नाही.

इथे मल्टिमीटरचा भरवसा आणखी कमी. अशा अनेक कॉइलच्या डोक्यातच प्रवाह तोडणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलेले असते, त्यामुळे टर्मिनलवर रोध मोजून काही हाती लागत नाही. कॉइल काढल्यावर रबरी बूट निरखावा. त्यावर बारीक पांढरी किंवा काळी रेघ असेल तर दाब तिथून गळतो. प्लगच्या खळग्यात तेल साचले असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट गळते आहे. तेलाने रबर मऊ होऊन फुगते. गॅस्केट न बदलता नवी कॉइल बसवली तर तीही त्याच वाटेने जाते. प्लगची फट झिजून वाढली असेल तरी कॉइलवर कायम जादा ताण पडतो. म्हणून कॉइल बदलताना प्लगचे वय तपासलेच पाहिजे.

अशा कॉइल निकामी होणे हे एखाद्या गाडीचे दुर्दैव नसते. फोक्सवॅगनने २००३ च्या सुरुवातीला अमेरिकेत २००१ ते २००३ या मॉडेल-वर्षांतल्या लाखो गाड्यांच्या कॉइल बदलून देण्याची मोहीम हाती घेतली होती. इंजिनाच्या डोक्यावर, उष्णतेत आणि कंपनात बसणारा हा भाग जुन्या गाडीत झिजणाऱ्या भागांतच धरावा.

तिन्ही सिलिंडर एकदम बंद असतील तर तिन्ही कॉइल एकाच वेळी जाण्याची शक्यता फार कमी. तेव्हा सामाईक गोष्टी पाहाव्यात: कॉइलचा फ्यूज, रिले, अर्थ आणि क्रँक सेन्सर. सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनाचे फेरे शून्यच दिसत असतील, तर बहुधा क्रँक सेन्सर किंवा त्याची तार गेली आहे. चावीतली चिप गाडीने ओळखली नाही तरी इंजिन सुरू होत नाही. त्यासाठी डॅशबोर्डवरचा इमोबिलायझरचा दिवा पाहावा.

प्लग काय सांगतो?

दोन्ही पिढ्यांत प्लग हा साक्षीदार असतो. सगळे प्लग सिलिंडरच्या क्रमाने ओळीत मांडून पाहावेत. फिकट तपकिरी टोक म्हणजे ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते किंवा ठिणगी दुबळी आहे. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे इंधन आले, पण ठिणगी पडली नाही. तेलकट काळा प्लग रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बोट दाखवतो, आणि तिथे इग्निशनचा भाग बदलून उपयोग नाही. पांढरा पडलेला, फोड आलेला प्लग जास्त तापल्याची खूण. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा. सगळेच सारखे काळे असतील तर दोष सामाईक.

भाग आणि खात्री

दोषी भाग सिद्ध झाल्यावर तो कुठून आणायचा हा प्रश्न येतो. पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे आणि जुन्या बाजारात वापरलेले भाग मिळतात. कुदळवाडी-चिखली भागातल्या भंगाराच्या गोदामांतूनही असा माल मिळे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. वापरलेली कॅप किंवा ब्रॅकेट डोळ्यांनी पारखता येते. वापरलेली कॉइल किंवा मॉड्यूल तापल्याशिवाय पारखता येत नाही, म्हणून हे भाग नवेच घ्यावेत. पॉइंटच्या यंत्रणेत कॉइल घेताना ती बॅलास्ट रेझिस्टरसाठी, म्हणजे कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या बाहेरच्या रोधासाठी, आहे की त्याविना चालणारी, हे विचारून घ्यावे. चुकीची कॉइल बसली तर पॉइंट लवकर जळतात किंवा ठिणगी दुबळी राहते.

दुरुस्तीची शेवटची खात्री पीयूसी केंद्रावर मिळते. हुकलेल्या ठिणगीमुळे न जळालेले पेट्रोल धुरात हायड्रोकार्बनच्या रूपाने बाहेर पडते. भारत स्टेज २ आणि ३ च्या पेट्रोल कारसाठी जागेवर चालणाऱ्या इंजिनाची हायड्रोकार्बनची मर्यादा ७५० पीपीएम आणि भारत स्टेज ४ साठी २०० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत आणि हायड्रोकार्बन एकदम जास्त, असा आकडा आला तर मिसिंग अजून गेलेले नाही. नवा भाग बसवल्यावर कोड पुसावेत, इंजिन पूर्ण तापू द्यावे, ज्या परिस्थितीत दोष दिसत होता त्याच परिस्थितीत, म्हणजे चढावर, कोंडीत किंवा गॅसवर, गाडी चालवावी आणि मग पीयूसीची चाचणी करावी. तापलेल्या इंजिनावर कोड परत आला नाही आणि हायड्रोकार्बनचा आकडा मर्यादेत बसला, तर दोष गेला असे समजावे.